एका चाकावरची भिक्षाफेरी

गेल्या दिवाळींत आमच्या भंडाऱ्याच्या घरांत एक वाद उपस्थित झाला आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत पुरला. वाद शेताच्या वांटणीचा नव्हता कीं कोणाच्या सोयरिकीचा नव्हता. तो एका चाकाचा होता. माझा धाकटा पुतण्या शिक्षणासाठीं नागपुरास असतो. सुटींत तो घरीं आला तो एक विचित्र वाहन बरोबर घेऊन. सायकलचें एक चाक, पुढचा दांडा आणि साखळी हीं सारीं काढून टाकलीं तर जें उरेल तें हें वाहन : एक मोठें चाक, त्याच्या आंसाला दोन बाजूंस दोन पायडलें, आणि वर उभ्या दांड्यावर एक अरुंदशी सीट. मागल्या अंगणांत भिंतीला धरून तो त्यावर चढे, दोन हात पुढें जाई आणि खालीं येई. घरांतलीं लहान मुलें टाळ्या पिटीत. आठवड्याभरांत तो भिंत सोडून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून दिंडीदरवाजापर्यंत जाऊं लागला. येथवर कोणीं कांहीं म्हटलें नाहीं. पण भाऊबिजेची जेवणें आटोपल्यावर त्यानें सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, पौषांत जिल्ह्याच्या सातहि तालुक्यांतून ह्या वाहनावरून फिरावयाचें आणि सिकलसेल ह्या रोगानें पीडलेल्या गरीब लोकांसाठीं निधि जमवावयाचा, असा आपला बेत आहे.

"म्हणजे सर्कस करून लोकांपुढें हात पसरणार तर !" दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील बंधु आणि त्या मुलाचे वडील. वहिनींनीं कांहींच विचारलें नाहीं. त्या सुपारीचें तबक तेथेंच ठेवून आंत निघून गेल्या, आणि आमच्या घरांत अशा जाण्याचा अर्थ सर्वांस कळतो.

मी शाळेंतून निवृत्त झालेला मनुष्य. घरांत कांहीं नवें खूळ आलें म्हणजे 'तुम्ही वाचून पाहा आणि मग सांगा' म्हणून तें माझ्या स्वाधीन होतें. ह्याहि वेळीं तसेंच झालें. मी वाचलें, दोघां-चौघां जाणत्यांना विचारलें, अंगणांत खुर्ची टाकून त्या मुलाचें पडणें-उठणें तासन् तास पाहिलें. त्या वाचण्यापाहण्यांतून जें हातीं आलें तें, आणि आमच्या घरांत शेवटीं काय ठरलें तें, येथें सांगतों. आपल्या वाचकांच्या घरीं हाच प्रश्न उद्यां येणार नाहीं असें कोणीं सांगावें ?

प्रथम यंत्राविषयीं. आपल्या नेहमींच्या सायकलला फ्रीव्हील असतें. उतार लागला कीं पाय स्थिर ठेवावे आणि वारा खात जावें. एकचाकीला ही सोय नाहीं. पायडलें थेट आंसाला जोडलेलीं असल्यामुळें चाक फिरेल तोंवर पाय फिरलेच पाहिजेत, आणि पाय थांबले कीं चाक थांबतें व स्वार खालीं येतो. उतारावर तर उलट ताप. चाक पळूं पाहतें आणि मांड्यांनीं तें अडवावें लागतें. म्हणून लांबच्या प्रवासाच्या एकचाकीला सीटखालीं ब्रेकची मूठ बसवितात. चालविणाऱ्याचा तोल कसा राहतो, हें समजावयाचें असेल तर तळहातावर उभी काठी तोलून पाहावी. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतों. येथें अंग पुढें झुकलें कीं पाय जोरानें मारून चाक अंगाखालीं आणावयाचें, मागें गेलें कीं गति कमी करावयाची, आणि बाजूला कलूं लागलें कीं त्याच बाजूस चाक वळवावयाचें. म्हणजे तोल म्हणून जें आपणांस दिसतें तें खरोखर अखंड चाललेलें पडणें व सांवरणें असतें. लहानपणीं 'स्थिर' ह्या शब्दाचा अर्थ मीं मुलांना निराळा शिकविला होता, असें अंगणांत बसल्या बसल्या माझ्या मनांत आलें.

सर्कशींतील एकचाकी लहान असते, वीस इंचांच्या आसपास. लांब पल्ल्याला छत्तीस इंच व्यासाचें चाक घेतात. अशा चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर भरतो. म्हणजे एक किलोमीटर जाण्यास साडेतीनशें फेरे. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर धरलें तर जवळजवळ एकवीस हजार वेळां पाय फिरवावे लागतील, आणि त्यांतला एकहि फेरा फुकटांत मिळावयाचा नाहीं. हातांना टेकावयास दांडा नसल्यानें शरीराचा बहुतेक भार त्या अरुंद सीटवर पडतो. चालविणारे सांगतात कीं पायांपेक्षां बैठकच आधीं हार खाते. पडण्याची भीति मात्र मला वाटली होती तेवढी नाहीं. पुढें दांडा नसल्यामुळें पडणारा बहुधा स्वतःच्या पायांवर उतरतो. डोक्याला शिरस्त्राण आणि गुडघ्यांना व मनगटांना गाद्या मात्र हव्यातच.

हें वाहन जन्मलें कसें ? १८७० नंतरच्या काळांत युरोपांत पुढें भलें मोठें चाक आणि मागें टीचभर चाक अशा सायकली होत्या. ब्रेक लावतांना त्यांचें मागलें चाक उचललें जाई, आणि कांहीं धाडसी स्वार तें उचललेलेंच ठेवून पुढल्या एका चाकावर चालवूं लागले. त्यांतून एकचाकीची कल्पना निघाली असें सर्वसाधारणपणें मानतात. पुढें सारख्या चाकांची सायकल आली, मोठ्या चाकाची अडगळींत गेली, आणि एकचाकी तंबूंत शिरली. तेव्हां दादांनीं काढलेलें सर्कशीचें नांव अगदींच अस्थानीं नव्हतें. पण सर्कस हा शब्द महाराष्ट्रांतल्या सुशिक्षितांनीं नाक मुरडून उच्चारावा, ह्याचें मला नवल वाटतें. हिंदुस्थानांतली पहिली देशी सर्कस १८८० च्या सुमारास उभी केली ती अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनीं. तेहि आपल्यासारख्याच घरांतले होते. शिवाय जपानांत प्राथमिक शाळांतील मुलेंमुली मधल्या सुटींत एकचाकी चालवितात, कारण तेथें ती शाळेच्या व्यायामांत गेली आहे. तेथल्याच अकिरा मात्सुशिमा ह्या तरुणानें १९९२ सालीं उन्हाळ्यांत एकचाकीवरून अमेरिकेचा पश्चिम किनारा सोडला आणि चव्वेचाळीस दिवसांत ५,२४८ किलोमीटर तोडून तो वॉशिंग्टनला पोहोंचला. दादांना मीं हें सांगितलें. "पोहोंचला, पण कोणासाठीं ?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता.

त्याचें उत्तर मला इंग्लंडच्या एका मुलांत सांपडलें. एड प्रॅट हा सॉमरसेट परगण्यांतल्या एका खेड्यांतला. २०१५ च्या मार्चांत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो छत्तीस इंची एकचाकीवर तंबू, पथारी, स्वैंपाकाचीं भांडीं असा सगळा संसार लादून घरून निघाला. युरोप, मध्य आशिया, चीन, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून तो २०१८ च्या जुलैंत त्याच खेड्यांत परतला. एकवीस हजार मैलांहून अधिक वाट. वरचा हिशेब लावला तर एक कोटीहून अधिक फेरे ! वाटेंत तो स्वतःच्या प्रवासाच्या चित्रफिती लोकांना दाखवी आणि 'स्कूल इन् अ बॅग' ह्या संस्थेसाठीं मदत मागे. घरीं येईपर्यंत त्याच्या नांवें तीन लक्ष पौंडांहून अधिक रक्कम जमली होती.

ही संस्था काय करते, तें सांगण्यासारखें आहे. पाठीवरच्या एका पिशवींत वह्या, पेन्सिली, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली इत्यादि शाळेचें सर्व साहित्य भरावयाचें आणि ती पिशवी जगांतल्या दरिद्री व निराधार मुलांना द्यावयाची, एवढेंच तिचें काम. तिच्या मुळाशीं एक मृत्यु आहे. २००४ च्या डिसेंबरांतील समुद्राच्या प्रलयांत थायलंडमध्यें सॉमरसेटचा एक तरुण वाहून गेला. त्याच्या मागें राहिलेल्या भावानें व कुटुंबियांनीं त्याच्या नांवानें जो निधि काढला त्यांतून ही पिशवीची योजना निघाली. श्राद्धाच्या दिवशीं ब्राह्मणाला जलपात्र देण्याची आपली चाल आहे. वहिनींना मीं ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांना पहिल्यानें तीच आठवली. त्या दिवसापासून त्यांचा विरोध थोडा मऊ पडला, असें मला वाटतें.

परंतु परक्यांचीं उदाहरणें घरांत फार वेळ टिकत नाहींत. 'आपल्याकडे कोणीं केलें आहे ?' हा प्रश्न यावयाचाच. एकचाकीवरून धर्मकार्यासाठीं लांब मजल मारलेला मराठी माणूस मला आढळला नाहीं. दुचाकीवरून मारलेले मात्र आहेत, आणि त्यांतल्या एका जोडीची गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपल्या वाचकांनीं अवश्य ऐकावी.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ, दोघेहि डॉक्टर. अमेरिकेंत दरसाल एक सायकलशर्यत होते. हे भाऊ उतरले तेव्हां ती पश्चिमेला कॅलिफोर्नियांतल्या ओशनसाइडपासून पूर्वेला मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत होती, सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेंत वाळवंट आहे, रॉकी पर्वताचे घाट आहेत, कॅन्ससचीं संपतां न संपणारीं मैदानें आहेत, आणि चढाव सगळे मिळून दीड लक्ष फुटांहून अधिक. मुक्काम नाहीं, घड्याळ एकदां सुरू झालें कीं रात्रंदिवस चालूच. दोघांच्या जोडीला नऊ दिवसांची मुदत. २०१५ च्या जूनमध्यें हे भाऊ त्या शर्यतींत उतरले. एकानें सायकल चालवावी, तोंवर दुसऱ्यानें मागल्या गाडींत पाठ टेकावी, दोन घांस खावे, आणि मग त्यानें उठून पहिल्याला उतरवावें, असा क्रम. आठ दिवस चौदा तास पंचावन्न मिनिटांत त्यांनीं ती वाट पुरी केली. ती शर्यत पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. त्याचें नांवच त्यांनीं आदिवासींच्या दृष्टीवरून ठेविलें होतें. आदिवासी भागांतल्या लोकांच्या नेत्रोपचाराकडे समाजाचें लक्ष व मदत वळावी हा त्यांतला हेतु होता.

तासाची सरासरी काढली तर ती तेवीस किलोमीटरांच्या वर जाते. पण मला त्या आंकड्यापेक्षां दुसरी गोष्ट अधिक हृद्य वाटली. एका भावाच्या झोंपेची किंमत दुसरा भाऊ पायांनीं देत होता. घरांत दोन भाऊ असले म्हणजे एक कचेरींत जातो, दुसरा शेत पाहतो, आणि कोण अधिक राबतो ह्यावर जन्मभर धुसफूस चालते. येथें तर धुसफुशीला वेळच नाहीं. एकानें पांच मिनिटें अधिक घेतलीं तर तीं दुसऱ्याच्याच पायांतून निघावयाचीं. दादांना मीं हें वाचून दाखविलें तेव्हां ते माझ्याकडे पाहून हंसले. गेलीं चाळीस वर्षें आमच्या घरचे हिशेब तेच ठेवीत आले आहेत, आणि मी नुसता वाचीत बसतों.

दोन वर्षांनीं, २०१७ सालीं, आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीं तीच शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. आमच्या पुतण्याच्या डोक्यांत हें वारें शिरलें असेल तर तें बहुधा तेथूनच.

ह्या प्रांतांत सायकलवरून मोठ्या कार्याला निघण्याची परंपरा त्याहूनहि जुनी आहे. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे ह्यांनीं १९८५ च्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून 'भारत जोडो'ची यात्रा काढली. काश्मीरकडे निघालेल्या त्या यात्रेंत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होतीं. बाबांच्या पाठीचा कणा असा झाला होता कीं त्यांना बसतां येत नसे. उभें राहावें किंवा आडवें व्हावें, एवढेच दोन मार्ग. सत्तरी ओलांडलेला तो पुरुष वाहनांत आडवा पडून त्या पोरांबरोबर देश ओलांडीत गेला. १९८८ सालीं अरुणाचलापासून गुजराथेपर्यंत दुसरी यात्रा झाली. त्या यात्रा निधीसाठीं नव्हत्या, मनें जोडण्यासाठीं होत्या. तरी ज्याला सायकलवर बसतां येत नाहीं अशा माणसाच्या शब्दावर शंभर पोरें पायडल मारतात, हें येथें नोंदवावेंसें वाटलें.

आतां दादांच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. तो सर्कशीचा नव्हता. हात पसरण्याचा होता. आमचें घराणें फार श्रीमंत नसलें तरी कोणाच्या दारीं गेलेलें नाहीं, असें ते म्हणत होते. तेव्हां आमच्या आई, ज्यांचें वय आतां अठ्ठ्याऐंशी आहे आणि ज्यांना सगळें घर ऐकूं येत नाहीं असें समजतें, त्या माजघरांतून म्हणाल्या, "नाहीं कसें ? मामंजी माधुकरी मागूनच शिकले. पांच घरें बांधलेलीं होतीं त्यांचीं नागपुरांत." माझ्या आजोबांची ही गोष्ट आम्हां भावांना ठाऊक होती, आम्ही ती विसरलों होतों, इतकेंच.

खरें पाहतां आधुनिक महाराष्ट्रांतलीं किती कामें दारोदार हिंडणाऱ्या माणसांच्या पायांवर उभीं आहेत ! अंताजी दामोदर काळ्यांनीं माणशीं वर्षाला एक पैसा मागावयाचा अशी टूम काढली, लोक हंसले, आणि त्याच पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाड्याला कांचेचा कारखाना निघाला. अण्णासाहेब कर्वे सत्तरी उलटल्यावर महिला विद्यापीठासाठीं युरोप, अमेरिका, आफ्रिका हिंडून आले, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, १९३६ सालीं, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढून पुन्हां पायीं वर्गणी मागत फिरूं लागले. ह्या दोघांना कोणीं भिकारी म्हटलें नाहीं. मागणाऱ्याच्या हातीं कांहीं राहत नाहीं, आणि त्याच्या चपलांकडे पाहून तो किती चालला तें देणाऱ्याला कळतें, हीं दोन कारणें मला त्यामागें दिसतात. एकचाकीला फ्रीव्हील नसतें हें मीं आरंभीं सांगितलें तें ह्याचसाठीं. मोटारीतून येणाऱ्या वर्गणीदाराविषयीं खेड्यांतल्या माणसाला जी शंका येते, ती ह्या वाहनावरून उतरणाऱ्याविषयीं यावयाची नाहीं.

तरीहि एक आक्षेप राहतोच, आणि तो मला खोडून काढतां आला नाहीं. असल्या प्रवासांना खर्च येतो. मोठ्या शर्यतींत तर मागें गाड्या, सोबतीला माणसें, परदेशचें भाडें, असा लक्षावधींचा खर्च असतो. तोच पैसा सरळ रुग्णाला कां देऊं नये ? ह्यावर म्हणतात कीं, प्रवास झाला नसता तर तो पैसा निघालाच नसता, आणि बातमीमुळें दुप्पट-चौपट जमतो. कोठें जमतोहि, कोठें न जमतां नुसतें स्वाराचें छायाचित्र तेवढें छापून येतें. रोगी मागें राहतो आणि चाक पुढें जातें. म्हणून मीं पुतण्याला एके दिवशीं अंगणांत उभा केला आणि जुन्या संवयीनें प्रश्न घातला, "तूं ज्याच्यासाठीं निघालास तो रोग काय आहे ? चार वाक्यांत सांग."

त्याला सांगतां आलें नाहीं. चाकाला आरे किती, हवेचा दाब किती ठेवावा, हें सारें तो घडाघड सांगे. रोगाविषयीं मात्र 'रक्ताचा कांहींतरी' ह्यापलीकडे त्याची गाडी गेली नाहीं. मी रागावलों. इतका कीं आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या, आणि ज्या इतके दिवस त्याला जाऊं नको म्हणत होत्या त्याच माझ्यावर उलटल्या, "भाऊजी, मग शिकवा ना त्याला ! ओरडतां काय ?"

तो शिकला. मी नाहीं शिकविलें. तो स्वतःच आठ दिवस दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांजवळ व रोग्यांजवळ बसला. परत आल्यावर त्यानें जें सांगितलें तें असें. आपल्या रक्तांतल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. ह्या रोगांत त्या विळ्यासारख्या वांकड्या व ताठर होतात, लवकर मरतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. त्यामुळें पंडुरोग येतो, आणि हाडांसांध्यांत अशा वेदना उठतात कीं मोठें माणूसहि तळमळतें. रोग स्पर्शानें होत नाहीं. तो आईबापांकडून येतो. एकाच पालकाकडून दोष आला तर मूल नुसतें वाहक होतें आणि बहुधा निरोगी राहतें. दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक मुलाच्या बाबतींत चारांत एक इतका रोगाचा संभव. पूर्व विदर्भांत, आणि म्हणून आमच्या भंडाऱ्यांतहि, तो आदिवासींत व इतर कित्येक समाजांत पिढ्यान् पिढ्या आहे. रक्ताच्या साध्या तपासणीनें तो ओळखतां येतो. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तींत ह्या तपासणीवरच भर आहे. वेदना कमी करणारीं औषधेंहि आहेत. पण औषध चालू ठेवावयाचें, वेळेवर रक्त चढवून घ्यावयाचें, म्हणजे मजुरी बुडवून पुनः पुन्हां एस्.टी.नें जिल्ह्याच्या गांवीं किंवा नागपुरास जावें लागतें, आणि पुष्कळांचा उपचार त्या वाटखर्चापाशींच तुटतो.

"काका, मला त्या वाटखर्चासाठींच पैसे हवेत," तो म्हणाला. पहिल्यांदां त्याच्या बेताला आकार आला तो त्या दिवशीं. मीं मनांत आणखी एक गोष्ट टिपून ठेविली. लग्न जुळवितांना आपण नाडी पाहतों, गण पाहतों. दोन्हीकडच्या रक्ताची ही तपासणी करून घ्यावयास कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

तुळशीच्या लग्नाच्या रात्रीं, पोहे-चिरमुऱ्यांचा प्रसाद खात खात, निकाल लागला. दादांनीं अटी घातल्या आणि वहीच्या पानावर लिहून त्यावर पोराची सही घेतली. प्रवासाचा सर्व खर्च घरचा. निधींतून एक रुपयाहि त्याकडे वळवावयाचा नाहीं, चहासुद्धां नाहीं. पावतीपुस्तकाशिवाय पैसा घ्यावयाचा नाहीं. सार्वजनिक कार्यासाठीं वर्गणी गोळा करावयाची तर १९५० च्या विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांनाहि ती काढावी लागते, मग आपण कोण लागून गेलों? म्हणून रुग्णांचें काम करणाऱ्या एका नोंदलेल्या मंडळाच्या नांवें, त्याच्याच पावत्यांवर, हा निधि घ्यावयाचा. आणि जमाखर्च फेरी संपल्यावर पंधरा दिवसांच्या आंत छापून वांटावयाचा. रात्रीचा प्रवास नाहीं. सूर्यास्ताच्या आधीं मुक्काम.

मार्गहि ठरला. पहिल्यानें मोहाडीवरून तुमसरपर्यंत जाऊन परत यावयाचें. मग लाखनी, साकोली. तेथून दक्षिणेला लाखांदूर. मग पवनी, आणि अड्याळावरून घरीं. साऱ्याचे दोनशें किलोमीटर धरले तर सत्तर हजार फेरे झाले. साकोलीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग कलकत्त्याकडे जाणाऱ्या मालमोटारींनीं भरलेला असतो. तेवढ्या पल्ल्यांत मागून आमची गाडी चालावी, असें मीं सुचविलें. दादा म्हणाले, "मी चालवितों." गेल्या तीन वर्षांत त्यांनीं स्टिअरिंगला हात लावलेला नाहीं, पण त्या वेळीं कोणीं तें बोलून दाखविलें नाहीं. पौष पाहण्याचें कारण म्हणजे धान घरांत आलेलें असतें, मळण्या होऊन लोकांच्या हातीं चार पैसे असतात, आणि आमच्याकडचें ऊन अजून तापलेलें नसतें. वैशाखांत ह्या जिल्ह्यांतून चाकावर निघणें म्हणजे शुद्ध आत्मघात. ज्यांना पैसा देतां येणार नाहीं त्यांनीं पायलीभर तांदूळ दिले तरी चालतील, ही आईंची सूचना. ते घेणार कोठें आणि विकणार कोण, ह्यावर अजून एकमत नाहीं.

सध्यां तो पहांटे उठून वैनगंगेच्या पुलाच्या रस्त्याला जातो. काल त्याचे नऊ किलोमीटर न उतरतां झाले. शेवटीं एक कुत्रें आडवें आलें म्हणून उतरावें लागलें, आणि कोपर खरचटलें. वहिनींनीं हळद लावली, एक शब्द बोलल्या नाहींत, आणि दुपारीं जुन्या लुगड्याच्या चार घड्या घालून, मधें कापूस भरून, त्या अरुंद सीटला बसेल अशी एक गादी शिवावयास घेतली. पहिली गादी आंखूड झाली. दुसरी आज बेतली आहे.